लग्न पंधरा दिवसांवर आणि पील करायचंय

सांगलीत माझं स्किन क्लिनिक आहे, आणि लग्नसराई सुरू झाली की आमच्याकडे नवऱ्या मुलींची रांग लागते. फेशियल नको, क्लीनअप नको, डायरेक्ट केमिकल पीलच, म्हणजे ॲसिड लावून स्किनचा वरचा थर काढायचा उपचार, पाहिजे असतं, कारण रीलमध्ये बघितलेलं असतं की चेहऱ्यावरून साल निघते आणि खालून गोरीपान स्किन येते. गेल्या एप्रिलमध्ये अशीच एक मुलगी आईबरोबर आली. लग्न पंधरा दिवसांवर. आईनी बसता बसताच सांगितलं, "डॉक्टर, ते साल काढायचं काय असतंय ते हिला करून टाका की, पैशाचं काही नाही, फोटोत उठून दिसली पाहिजे."

मुलीनं स्कार्फ सोडला आणि मी बघतच राहिले. गाल लालबुंद आणि चकचकीत, त्यात बारीक लाल शिरा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या, ओठावर आणि कानशिलांवर लव वाढलेली, हनुवटीवर एकाच साइजचे पुरळ. म्हणाली गॅससमोर उभी राहिले तरी आग होते. मी विचारलं काय लावतेस, तर "काही नाही, साधी क्रीम". साधी म्हणजे कुठली, दाखव बघू, म्हटल्यावर पर्समधून अर्धी पिळलेली ट्यूब निघाली. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड, रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन आणि व्हिटॅमिन एच्या जातीचं ट्रेटिनॉइन. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणलेली आणि दोन वर्षं रोज रात्री लावत होती.

हे बघितलं की माझा जीव तुटतो, खरंच. अशी तीन प्रकारची औषधं एकत्र करायची कल्पना १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांनी मांडली, त्यांच्या फॉर्म्युल्यात मोमेटासोनच्या जागी डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड होतं, आणि आज हे कॉम्बिनेशन वांगासाठी, ठरावीक आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं औषध आहे. आपल्याकडे मात्र ते गोरं व्हायची क्रीम म्हणून घरोघरी पोचलंय. २०१८ मध्ये सरकारनं चेहऱ्याला लावल्या जाणाऱ्या अशा बऱ्याच स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत, तरी मिळतात.

मी स्पष्ट सांगितलं, पील होणार नाही. स्टेरॉइडनं स्किन पातळ झालेली असते, तिच्यावर ॲसिड लावलं तर ते कुठं किती खोल जाईल याचा भरवसा नाही, आणि आपली गहूवर्णी-सावळी स्किन भाजली की लाल राहत नाही, काळी पडते, आणि तो काळेपणा जायला महिनोन् महिने जातात. आईंचा चेहरा पडला. "मग दुसरीकडं करतात की ते, पार्लरमध्ये पण करतात." मला हीच भीती होती, की माझ्याकडून नाही म्हणून बाहेर पडतील आणि रस्त्यापलीकडं कुणीतरी हो म्हणेल.

तेवढ्यात शेजारच्या रूममध्ये पिंपल्सच्या पेशंटचं सॅलिसिलिक पील लावायचं होतं, बँकेत काम करणाऱ्या एक ताई, त्यांचं तिसरं सिटिंग. त्यांना विचारलं, ही मुलगी बघायला बसली तर चालेल का, त्या म्हणाल्या बसू दे की. मग दोघी मायलेकींना स्टुलावर बसवलं.

आधी चेहरा धुतला, मग स्पिरिटच्या गॉजनं तेल पूर्ण काढलं, डोळ्यांचे कोपरे, नाकपुडीच्या कडा आणि ओठांच्या कडांना व्हॅसलिन, कारण तिथं ॲसिड साठतं. काचेच्या वाटीत तीस टक्के सॅलिसिलिक, कपाळापासून सुरुवात, मग गाल, हनुवटी, शेवटी नाक. ताईंच्या हातात छोटा पंखा. पहिली दोन-तीन मिनिटं चांगलंच झोंबतं, त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, मग आपोआप बधिर होतं. थोड्या वेळात चेहऱ्यावर पांढरी पावडर उमटली. मुलगी एकदम घाबरली, "भाजलं का?" नाही गं, त्यातलं अल्कोहोल उडून गेलं आणि ॲसिडचे कण वर राहिले, एवढंच. ते साध्या पाण्यानं धुवून टाकलं. (ग्लायकोलिक असतं तर वेळ संपली की सोड्याच्या पाण्यानं थांबवावं लागतं, नाहीतर ते आत काम करतच राहतं.)

मग मुलगीच ताईंना विचारायला लागली आणि इथं माझं काम अर्धं झालं. ताईंनी सांगितलं की पील करायच्या आधी तीन आठवडे घरी क्रीम लावून स्किन तयार करायला लागली, आठवडाभर आधी थ्रेडिंग बंद, ब्लीच बंद, केल्यावर दोन दिवस चेहरा ओढल्यासारखा होतो, तिसऱ्या दिवशी तोंडाभोवती बारीक साल सुटते, ती ओढायची नाही, हात शिवशिवतात तरी ओढायची नाही, सनस्क्रीन तर घरात बसलं तरी लावायचं, आणि फरक दुसऱ्या सिटिंगनंतर दिसायला लागला. "आणि गोऱ्या झालात का?" आईंनी विचारलंच. ताई म्हणाल्या, "गोरी कशाला होईन, पिंपल्स कमी झाले, डाग हलके झाले."

आई गप्प झाल्या. खरा प्रश्न पुढंच होता. ट्यूब आजच बंद केली तर स्टेरॉइड अचानक सुटल्यामुळं आठवड्याभरात चेहरा भडकणार, म्हणजे बरोबर हळदीच्या सुमारास. तेव्हा ती ट्यूब बंद, पण थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड, तेही हळूहळू कमी करत, रात्री टॅक्रोलिमस (स्टेरॉइड नसलेलं, दाह कमी करणारं मलम), साधा मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, फेशियल-ब्लीच काही नाही असं लिहून दिलं, हळद चेहऱ्याला नुसती टेकवायची, चोळायची नाही हेही सांगितलं. मेकअपवालीला पण फोन करायला लावला, ट्रायल आधी घे म्हणून. लग्नात गाल थोडे लाल होते, मेकअपमध्ये निभावलं. खरी भडक नंतर उठली, सासरी, आणि त्या दिवसांत ती फोनवर रडली आहे, परत तीच ट्यूब लावू का म्हणून विचारलंय. लावली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

स्किन शांत व्हायला दिवाळी उजाडली. आता ओठावर थोडा वांग आहे म्हणून जानेवारीत, आधी स्किन तयार करून, तिला मँडेलिक ॲसिडचं पहिलं पील लावलं, तो कण मोठा असतो, हळू आत जातो, अशा नाजूक स्किनला बरा. पाचव्या दिवशी मेसेज आला, "मॅडम सालच निघाली नाही, लागलं नाही का पील?" लागलंय, मँडेलिकला बऱ्याचदा साल दिसतच नाही, आणि साल किती निघाली यावर पील किती चांगलं झालं हे ठरत नाही. पुढचं सिटिंग तीन आठवड्यांनी ठेवलंय, वांगाचा आधीचा आणि तेव्हाचा फोटो शेजारी ठेवून बघू, कितपत हलका होतोय ते.