पंचवीस प्रकरणांची आई

१२ ऑगस्ट, रात्री

कादंबरीतल्या कॅटलिन स्टार्कचं नाव निघालं की आमच्या वाचनगटाचे दोन तट पडतात. एरवी शांतपणे एकमेकांचं ऐकून घेणारी मंडळी इथे मात्र हमरीतुमरीवर येतात. एक तट म्हणतो, या बाईच्या हट्टापायी अख्खं घर बुडालं. दुसऱ्या तटाचं उत्तर ठरलेलं, मालवणीतलं: ''आवस ती! पोरां कैदेत आसताना ती राजकारण बघतली काय?'' पुस्तकं दोघांनीही वाचलेली आहेत, घटनाही दोघांना सारख्याच पाठ आहेत. मग फरक पडतो तो नेमका कुठे, हे पाहण्यासाठी या वेळी मधली पात्रं बाजूला ठेवून फक्त तिचीच प्रकरणं सलग वाचायला घेतली आहेत.

जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालिकेतलं प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे. पहिल्या भागात (१९९६) कॅटलिनची ११ प्रकरणं, दुसऱ्यात (१९९८) ७, तिसऱ्यात (२०००) ७. एकूण २५. तिचा थोरला मुलगा रॉब पंधराव्या वर्षी राजा होतो, लढाया जिंकतो, पण त्याच्या वाट्याला एकही प्रकरण नाही. युद्धावर निघाल्यापासून तो आपल्याला दिसतो तो जवळजवळ सगळा आईच्या नजरेतून. त्याचं धैर्य, त्याचं एकटं पडणं, राजमुकुटाखालचं कोवळं पोर, हे सगळं तिनेच आपल्याला दाखवलेलं असतं. रॉबवर जीव टाकून कॅटलिनवर दात धरणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

वाचण्याची पद्धत साधी ठेवली आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे, त्या दिवशी तिला काय माहीत होतं. उजवीकडे, आपल्याला काय माहीत आहे. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत उजवा रकाना हटकून चुकतो, कारण पुढचं सगळं आपण वाचलेलं असतं आणि ते नकळत त्यात उतरतं. म्हणून उजव्या रकान्यात फक्त त्या पानापर्यंत छापलेलंच लिहायचं. एवढी शिस्त पाळली तरच या वहीचा उपयोग.

१३ ऑगस्ट

आज एकच प्रसंग, आणि तो तिच्या प्रकरणातला नाहीच. तिची दोन प्रकरणं झाली आहेत, तिसरं यायचंय. त्यांच्या मधल्या जॉन स्नोच्या प्रकरणात सगळ्या वादाचं मूळ आहे.

बुरुजावरून पडलेला तिचा लहान मुलगा ब्रॅन बेशुद्ध आहे. ती जवळजवळ पंधरवडा त्याच्या उशाशी बसून आहे. नवऱ्याचा अनौरस मुलगा जॉन कायमचा उत्तरेला निघालाय, धाकट्या भावाचा निरोप घ्यायला येतो. ती त्याला हाकलते, पहारेकऱ्यांना बोलवीन म्हणते. तो हटत नाही. मग ती बोलायला लागते, त्याच्याशी की स्वतःशी, कळत नाही. ब्रॅनने बापाबरोबर दक्षिणेला जाऊ नये, आपल्यापाशीच राहावं, असं तिने देवाजवळ मागितलं होतं, आणि आता तो राहिलाय, असा. जॉन तिला सांगतो, यात तुमचा दोष नाही. चौदा वर्षांचं पोर तिची समजूत काढतंय, आणि तेच तिला सहन होत नाही. तो दाराशी पोचतो तेव्हा ती त्याला नावाने हाक मारते. आजवर कधी मारलेली नसते. तो वळतो. तेव्हा ती म्हणते की या बिछान्यावर तू असायला हवा होतास.

बहुतेकांच्या आठवणीत हे शेवटचं वाक्य तेवढं उरतं. त्याआधीचा नवसाचा कबुलीजबाब गळून जातो. कारण दारात आपण जॉनच्या कातडीत उभे असतो, घाव आपल्यालाच बसतो. पुढच्याच तिच्या प्रकरणात ब्रॅनला मारायला मारेकरी सुरा घेऊन येतो, ती तो नंगा सुरा दोन्ही हातांनी पकडते, बोटं हाडापर्यंत कापली जातात, तो तिचं तोंड दाबतो तर त्याच्या तळव्याचा लचका तोडते. पण वाचकाचा निकाल तोवर लागलेला असतो. ही दोन प्रकरणं उलट्या क्रमाने आली असती तर निम्मा वाद झालाच नसता, असं माझं मत आहे. लेखकाने क्रम जाणूनबुजून असा ठेवला आणि तो योग्यच ठेवला, कारण सोपी सहानुभूती त्याला नको होती.

ते वाक्य समर्थनीय नाही. ते मी कुणालाही समर्थनीय ठरवू देणार नाही. पण त्यामागची भीती मात्र कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. ज्या सातबाऱ्यावर चुलत-मावस मिळून पाऊणशे नावं, आणि एका नावापायी आंब्याची बाग दोन पिढ्या कोर्टात, तिथला माणूस 'उद्या हा हिस्सा मागेल' हे वाक्य झोपेतही ओळखतो. बाकीचे सरदार आपली अनौरस मुलं दूर कुठेतरी वाढवतात. तिच्या नवऱ्याने, नेडने, मूल घरात आणलं, स्वतःच्या मुलांत वाढवलं. त्यात तो दिसायला हुबेहूब बापासारखा आणि तिचे मुलगे मात्र माहेरच्या वळणावर, तांबूस केसांचे. त्याची आई कोण, हे तिने एकदा विचारलं, तर नवऱ्याने असं उत्तर दिलं की पुन्हा विचारायची छाती झाली नाही. तिसऱ्या भागात रॉब जॉनला औरस करून वारस नेमायला निघतो तेव्हा ती ब्लॅकफायर घराण्याचा दाखला देते: एका राजाने अनौरसांना औरस केलं आणि पुढे पाच पिढ्या बंडं झाली. ही सावत्र आईची जळफळ नव्हे, वारसाहक्काचा हिशोब आहे. चीड यायची तर ती नेडची यावी. खरं त्याच्यापाशी होतं आणि त्याची किंमत चौदा वर्षं एका पोराने आणि एका बाईने मोजली.

१५ ऑगस्ट

'घर बुडवलं' या आरोपात तीन गोष्टी येतात: शत्रूच्या लॅनिस्टर घराण्यातल्या टिरियनला पकडलं, कैदेतल्या त्याच्या भावाला, जेमीला, सोडलं, राजधानीतल्या लिटलफिंगरवर विश्वास ठेवला.

तिसरी आधी, कारण ती सर्वांत सोपी. ब्रॅनवर आलेला सुरा टिरियनचा, ही थाप लिटलफिंगरने मारली. तो तिच्या माहेरी वाढलेला, भावासारखा. तिने विश्वास ठेवला, नेडनेही ठेवला. नेडला आपण 'भला माणूस, फसला' म्हणतो आणि तिला 'मूर्ख' म्हणतो. तराजू एकच असावा.

टिरियनची अटक ही खरी चूक. पण तीही ठरवून केलेली नाही. ती ओळख लपवून घरी निघालीय, वाटेतल्या खाणावळीत टिरियन तिला ओळखतो आणि सगळ्यांदेखत हाक मारतो. आता ती गुप्तपणे राजधानीला गेली होती ही बातमी फुटणार. तेवढ्या क्षणात ती खाणावळीतल्या शिपायांच्या अंगरख्यांवरची चिन्हं वाचते, आपल्या बापाचे मांडलिक कोण कोण ते ओळखते, एकेकाला त्याच्या धन्याच्या नावाने विचारते आणि सगळ्यांच्या तलवारी उपसायला लावते. बेत म्हणून घातक, कारण लॅनिस्टरांनी लगेच तिच्या माहेरचा मुलूख जाळला आणि राजधानीत नेडवर भररस्त्यात हल्ला झाला. पण तो क्षण डोळ्यांपुढे आणला की बुद्धी कमी पडली असं म्हणवत नाही.

जेमीच्या सुटकेवर वहीची चार पानं गेली. डावा रकाना: नवरा मेला. ब्रॅन आणि सर्वांत धाकटा रिकन मेल्याची बातमी आली. दोन मुली राजधानीत ओलीस, आणि जेमी परत मिळाला तर दोघींना सोडू अशी शपथ टिरियनने भर दरबारात घेतल्याचा निरोप आलाय. उजवा रकाना: धाकटी मुलगी आर्या राजधानीत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही. पण ब्रॅन आणि रिकन जिवंत आहेत, हे त्या पानावर आपल्यालाही पक्कं माहीत नसतं. गिरणीवाल्याच्या पोरांना मारून त्यांची डोकी या दोघांची म्हणून टांगली होती, हे पुढे उमगतं, आणि दोघे भाऊ तळघरातून बाहेर येतात ते दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात. तिच्या हातातून कैदी गेल्याचे परिणाम मात्र आपण तिसऱ्या भागात वाचतो, मुलं जिवंत आहेत हे पक्कं कळल्यानंतर. तिथेच आठवण गडबड करते. 'मुलं जिवंत असताना हिने हे केलं' असं मनात बसतं. तारतम्य सुटतं ते इथे.

त्याच बातमीने रॉबही कोसळला होता. जखमी अवस्थेत त्याने जेन वेस्टरलिंगला जवळ केलं, मग अब्रू राखायला लग्न केलं आणि फ्रे घराण्याला दिलेला सोयरिकीचा शब्द मोडला. एका दुःखाच्या पोटी दोघांचा तोल गेला. मुलाच्या चुकीला आपण 'प्रेम' म्हणतो.

आणि आता ती गोष्ट, जी कुणीच तिच्या नावावर टाकत नाही. पायदळाचं नेतृत्व रॉब आपल्या ग्रेटजॉन नावाच्या सरदाराला देणार होता. आईने त्याला सुचवलं की तिथे धाडसी नको, थंड डोक्याचा माणूस हवा. मग त्याने रूस बोल्टनला नेमलं. सल्ला लष्करी दृष्टीने चोख होता, त्यातूनच घरात विषारी साप शिरला; पुढे दगा दिला तो बोल्टननेच. तिच्यावर टीका करणाऱ्यांना खरा पुरावा हवा असेल तर तो हा आहे. पण तो कुणी काढत नाही, कारण ती तिथे आई म्हणून नव्हे, सेनापतीसारखी बोलते, आणि आपल्याला चीड फक्त आईची येते.

तिने दिलेले बरोबर सल्लेही वहीत आहेत. स्टार्कांकडे ओलीस म्हणून वाढलेल्या थिऑनला त्याच्या बापाकडे पाठवू नकोस. नेड गेला, आता तह कर. दोन्ही रॉबने ऐकले नाहीत.

१७ ऑगस्ट

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. उद्योगपर्वात कुंती गंगेकाठी जाते. कर्ण सूर्याकडे तोंड करून जप करतोय. ती त्याच्या मागे, त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत, सुकल्या कमळाच्या माळेसारखी उभी राहते, त्याची पाठ तापेपर्यंत. मग सांगते की तू माझा. तो तिला पाच मुलांचं वचन देतो, अर्जुन तरी नाहीतर मी तरी. ती भेट कर्णाच्या बाजूने वाचली तर कुंती उभी जाळावी अशी वाटते. 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये निवेदक सहा आहेत आणि त्यांत कुंती स्वतः बोलते. तेव्हापासून मराठीत तिच्याविषयी दोन पक्ष आहेतच. म्हणजे आईच्या तोंडून ऐकलं की पक्ष मिटतो असं नाही. तो पडतो.

आपल्या दशावतारात तर याची परीक्षा उघड्यावर होते. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, पात्रं ठरतात, बाकी सगळं कलाकाराने रंगमंचावर उभं करायचं. एक बाकडं, मागे पखवाज, झांज, हार्मोनियम. कुंतीचं काम करणारा पुरुष कलाकार कच्चा असेल तर कर्ण एकतर्फी जिंकतो. पक्का असेल तर तो कर्णाला पुरता बोलू देतो, सगळे आरोप होऊ देतो, आणि मगच तोंड उघडतो. लवकर रडायला लागला तर काम पडलंच म्हणून समजा. कॅटलिनची प्रकरणं मला या पक्क्या कलाकारासारखी वाटतात. ती रडून काही मागत नाही.

पालगडच्या साने गुरुजींची श्यामची आई या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात पोचलेली आहे. ती आई मुलाने सांगितलेली आहे, रात्रीमागून रात्र, ती गेल्यानंतर. मुलाने सांगितलेल्या आईत तिची स्वतःची खुन्नस, हिशोब, मत्सर कुठून येणार? आपण आई ओळखायला शिकलो ते तिथून. मग एखादी आई स्वतःच्या डोक्यातलं सगळं उघडं करते तेव्हा दचकायला होतं.

१८ ऑगस्ट

टीव्हीवरच्या 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेपुरतं थोडक्यात, कारण वादातले निम्मे जण खरं तर २०११ पासूनच्या पडद्यावरच्या बाईबद्दल बोलत असतात. पुस्तकात ती नेडला दक्षिणेला जा म्हणते, पडद्यावर नको जाऊस म्हणते. पडद्यावर ती जेमीला सोडते तेव्हा धाकट्यांच्या मरणाची बातमी आलेलीच नसते, म्हणजे कृतीचं मूळच काढून टाकलं. जॉनवर माया करू शकले नाही असा पश्चात्तापाचा लांब संवाद पडद्यावर आहे, पुस्तकात नाही. तेव्हा वाद घालण्याआधी कोणती कॅटलिन ते विचारून घ्यावं.

२० ऑगस्ट

पंचविसावं प्रकरण. फ्रे घराण्याच्या गढीत लग्नासाठी पाऊल ठेवताच तिने रॉबला बजावून मीठ-भाकर मागायला लावली होती, पाहुण्याचा हक्क पक्का व्हावा म्हणून. मग लग्नाच्या मांडवात तिला वाजंत्री खटकतात. ती एडविन फ्रेचा दंड धरते, रेशमाच्या बाहीखाली चिलखताच्या कड्या बोटांना लागतात, आणि ती त्याच्या थोबाडीत मारते. तोवर उशीर झालेला असतो, पाहुण्यांची कत्तल सुरू होते.

इथवर सगळे तिच्या बाजूने असतात. पुढची दोन पानं मात्र तिचे कैवारी भराभर उलटतात. ती म्हाताऱ्या वॉल्डर फ्रेचा एक नातू ओलीस धरते. भोळसट माणूस, टोपीला घुंगरं लावून विदूषकासारखा फिरणारा, कटात त्याचा काडीचा संबंध नाही. मुलाच्या बदल्यात मुलगा, असा सौदा ती मांडते. म्हातारा म्हणतो, हा तर नातू, आणि तोही फारसा कामाचा नव्हता. रॉबला मारतात. आणि ती शब्द पाळते, त्या निरपराध माणसाचा गळा कापते, धार हाडावर घासेपर्यंत. पडद्यावर तिथे दुसरंच पात्र ठेवलंय, म्हाताऱ्याची तरुण बायको. तो बदल मला मान्य नाही. इथे घुंगरंच हवीत.

डावा रकाना आज कोरा आहे. तिला काहीच माहीत नाही, एक मुलगी शत्रूच्या घरात आणि बाकीची चारही मुलं गेली असंच ती समजतेय. उजव्या रकान्यात मी हात लिहिले. ब्रॅनवर आलेला सुरा याच हातांनी अडवला होता. काही बोटांची लवचीकता तेव्हापासून गेली ती गेलीच. त्याच बोटांनी आता पाते धरलंय आणि टोपीवरची घुंगरं वाजतायत. पुढच्या बैठकीत हे प्रकरण मोठ्याने वाचायचं ठरलंय, दोन्ही तटांसमोर, एकही ओळ न गाळता.