तुम्ही विचारलंत म्हणून: स्नॅपशॉट आहे, मग बॅकअप कशाला?

"व्हीएमचे स्नॅपशॉट घेताच ना? मग बॅकअपसाठी वेगळी मशीन, वेगळं लायसन्स कशाला?" सर्व्हर सांभाळायला लागल्यापासून हा प्रश्न मला दर बजेटला विचारला जातो. (व्हीएम म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला स्वतंत्र संगणक; स्नॅपशॉट म्हणजे त्याची एका क्षणाची धरून ठेवलेली स्थिती, जिथे परत जाता येतं.) विचारणाऱ्याला खर्च मंजूर करायचा असतो, त्यामुळे त्याला नीट उत्तर मिळायलाच हवं.

व्हीएमवेअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्नॅपशॉट घेतला की डिस्कची प्रत निघत नाही. मूळ डिस्कची फाइल आहे तिथेच गोठते आणि त्यापुढचं सगळं लिखाण शेजारी तयार झालेल्या डेल्टा, म्हणजे फक्त बदलांच्या, फाइलमध्ये जातं. मागे जायचं असेल तर डेल्टा टाकून द्यायची, एवढंच. म्हणून ते काही क्षणांत होतं. पण स्टोरेजच बिघडलं, तर मूळ फाइल आणि डेल्टा दोन्ही एकदम जातात. आणि नुसती डेल्टा हातात उरली तरी मूळ फाइलशिवाय तिचा काही उपयोग नाही.

हे मला पुस्तकातून कळलं होतं. अंगावर आलं ते एका मार्चअखेरीला. ईआरपीच्या (बिलं-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) अपग्रेडआधी मी स्नॅपशॉट घेतला, अपग्रेड सुरळीत झालं आणि स्नॅपशॉट काढायचा राहून गेला. पाच महिने डेल्टा वाढत राहिली. एका दुपारी डेटास्टोअर, म्हणजे सगळ्या व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा, भरला आणि ज्या ज्या व्हीएमला लिहायला नवी जागा हवी होती, ती ती थांबत गेली. बिलं निघेनात. डिस्क थिन (लागेल तशीच जागा घेणारी) होती, त्यामुळे डेल्टा मूळ फाइलमध्ये मिसळायलासुद्धा मोकळी जागा लागत होती. एक जुनी, बंद पडलेली व्हीएम दुसरीकडे हलवून ती जागा केली. मिसळणं संपायला पहाट झाली. एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं व्हीएमवेअर स्वतःच सांगतं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी जुन्या स्नॅपशॉटची यादी मी स्वतः बघते.

अपग्रेड किंवा पॅच करताना मात्र स्नॅपशॉटसारखा आधार नाही. गडबड झाली की दोन मिनिटांत पूर्वस्थितीत. ते काम बॅकअपकडून करून घेणं म्हणजे उगाच दोन-तीन तास घालवणं. शिवाय व्हीएमचा बॅकअप घेणारी बहुतेक सॉफ्टवेअरं आतून स्नॅपशॉटच वापरतात: तो घेतात, गोठलेली डिस्क वाचून दुसऱ्या स्टोरेजवर उतरवतात आणि स्नॅपशॉट काढून टाकतात. त्यामुळे 'हे की ते' असा प्रश्नच मला पटत नाही.

स्नॅपशॉटच पुरतो हे दाखवायला काही जण गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं उदाहरण देतात. 31 जानेवारी 2017 ला तिथे चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालली आणि सुमारे 300 जीबी डेटा पुसला गेला. डेटाबेसचे नेहमीचे बॅकअप निघतच नव्हते, कारण डंप (डेटाबेसची प्रत) घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती. वाचवलं ते सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका एलव्हीएम (लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थेतल्या) स्नॅपशॉटने. खरं आहे. पण तो स्नॅपशॉट चाचणीच्या सर्व्हरवर उतरवलेला होता आणि डेटा परत आणला तो तिथूनच. प्रत दुसऱ्या मशीनवर होती म्हणून ती कामी आली.

दुसरी मशीन पुरते का, हेही विचारा. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप एकाच जागी होता, अशा काही ग्राहकांचं दोन्ही गेलं. म्हणून एक प्रत मी इमारतीबाहेर ठेवते, आणि तिथे लिहिण्या-पुसण्याचा पासवर्ड व्हीएमवेअरच्या अ‍ॅडमिनपेक्षा वेगळा असतो. रॅन्समवेअरवाल्यांच्या (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांच्या) हाती अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागला, तर ते स्नॅपशॉट आधी पुसतात.

डेटाबेसच्या व्हीएमबाबत आणखी एक. चालू डिस्क मधेच गोठवली, तर आतली स्थिती वीज अचानक गेल्यासारखी असते. डेटाबेस बहुधा सावरतो, पण मला 'बहुधा' नको असतं. विंडोजवर व्हीएसएस या त्यासाठीच्या सोयीमधून डेटाबेसला क्षणभर थांबवून घेतलेला बॅकअपच मी धरते.

आणि तो परत उभा करून बघते, दर तीन महिन्यांनी, नेटवर्कपासून तोडलेल्या जागेत. गेल्या खेपेला ईआरपी सुरू होऊन पहिलं बिल उघडेपर्यंत 3 तास 40 मिनिटं लागली. यंदाच्या बजेटच्या कागदावर, रकमेच्या शेजारी, मी हाच आकडा लिहून दिलाय.