एलिझाबेथ टिलीचे माहेर : वंशावळीच्या कामाची नोंद

आमच्या सुनेचे माहेर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे. आपले कूळ १६२० साली इंग्लंडहून प्लिमथला वसाहत करायला आलेल्यांच्या ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेले जॉन हाउलंड आणि पुढे त्यांची पत्नी झालेली एलिझाबेथ टिली यांच्यापर्यंत जाते, असे तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्याला कागदाचा आधार मिळतो का, हे मी गेले आठ महिने शोधत आहे.

या जोडप्याच्या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबणे धोक्याचे आहे. एलिझाबेथ ही त्या वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची मुलगी, असे हाउलंड घराण्यातच मानले जाई आणि एकोणिसाव्या शतकात प्लिमथच्या दफनभूमीत बसवलेल्या शिळेवरही तसेच कोरले गेले. लंडनच्या फुलहॅम राजवाड्यात सापडलेले कार्व्हरांनंतरचे गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांचे वसाहतीच्या इतिहासाचे हस्तलिखित १८५६ साली छापले गेले, तेव्हा ती जॉन टिली यांची मुलगी असल्याचे उघड झाले. तिचे आईवडील पहिल्याच हिवाळ्यात वारले आणि हाउलंड हे कार्व्हरांच्या पदरी होते. गैरसमज त्यातून रुजला असावा, असे मला वाटते.

माझ्या टिपणात हाउलंड यांच्या मृत्यूची दोन वर्षे आली, तेव्हा मी एक नोंद चुकीची ठरवणार होतो. प्रत्यक्षात तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे फेब्रुवारीतला हा मृत्यू १६७२/३ असा लिहितात. १७५२ साली नवे वर्ष १ जानेवारीला आणले गेले; त्यापूर्वीची प्रत्येक तारीख मी आता तशीच, मुळाबरहुकूम उतरवतो.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे एलिझाबेथचे डिसेंबर १६८६चे मृत्युपत्र. त्यात लिडिया ब्राउनला पिसांची उत्तम गादी, तर एलिझाबेथ डिकेन्सनला चादरींची जोडी आणि एक पेटी दिली आहे. लेकींची नावे सासरच्या आडनावांसह आल्यामुळे माहेर आणि सासर एकाच कागदावर जुळते. लेकीकडून उतरणाऱ्या शाखेसाठी याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

सुनेकडून मागे जाताना १८५०पर्यंतच्या पिढ्या सहज लागल्या, कारण त्या वर्षीच्या जनगणनेत घरातील प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, व्यक्तीचे नाव आहे. त्याआधीच्या जनगणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असल्याने एका स्त्रीचे वडील कोण, तिथे काम अडले आहे. पुढच्या महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या ब्रिस्टल परगण्यातील मृत्युपत्रे आणि जमिनीची खरेदीखते वाचायला घेणार आहे.