चॅटबॉटला क्लस्टर मोडायला लावलं तेव्हा

आमच्या ऑफिसात दर एप्रिलमध्ये एक एक्सेल शीट फिरते. कोणाकडे कोणती सर्टिफिकेशन्स आहेत, कधी संपणार, या वर्षी नवीन कोणतं करणार, असे रकाने. क्लाउड कंपन्यांच्या पार्टनर योजनेत वरची पायरी हवी असेल तर ठरावीक संख्येनं सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, त्यासाठी हा खटाटोप. फी कंपनी भरते, पास झालं की ग्रुपवर अभिनंदनाच्या मेसेजची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या तिकिटांकडे वळतात. मी लिनक्स सर्व्हर सांभाळता सांभाळता क्लाउडकडे आलेली, त्यामुळे या शीटमध्ये माझी ओळ बरीच लांब झाली होती. गेल्या वर्षी मात्र ठरवलं, की आता एखादी अशी परीक्षा द्यायची जी दिल्यावर आपल्याला खरोखर काहीतरी जास्त येत असेल.

असं वाटायला कारण होतं. मी अधूनमधून इंटरव्ह्यू पॅनलवर बसते. बायोडेटावर चार-चार बिल्ले असलेली मुलं येतात, उत्तरं अस्खलित देतात, फक्त डोळे डावीकडून उजवीकडे सरकत असतात. दुसऱ्या स्क्रीनवर कोणीतरी उत्तर लिहून देतंय हे लपत नाही. मग आम्ही प्रश्न विचारणंच सोडलं. "स्क्रीन शेअर करा, हा पॉड पेंडिंगमध्ये अडकलाय, का ते शोधा." पॉड म्हणजे कुबरनेटीस या यंत्रणेत चालणाऱ्या प्रोग्रामचं सगळ्यात लहान एकक, आणि पेंडिंग म्हणजे ते सुरूच झालेलं नाही. एवढं म्हटलं की पुढच्या पाच मिनिटांत सगळं कळतं.

कागदी सर्टिफिकेटची थट्टा नवीन नाही. २००० च्या आसपास ज्यांनी एमसीएसई हे मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेशन केलं त्यांना 'पेपर एमसीएसई' हा टोमणा आठवत असेल. म्हणजे परीक्षा पास, पण सर्व्हर समोर आला की हात थरथरतात. त्या काळी प्रश्नांचे डम्प, म्हणजे परीक्षेतल्या फुटलेल्या प्रश्नांचे संच, सीडीवरून फिरायचे, आता टेलिग्रामवरून फिरतात. मायक्रोसॉफ्टनं एमसीएसई जानेवारी २०२१ मध्ये कायमचं बंद केलं आणि कामाच्या भूमिकेनुसार नवी सर्टिफिकेशन्स आणली. त्यातल्या बहुतेकांचं नूतनीकरण दरवर्षी घरबसल्या, फुकट, कोणी कॅमेऱ्यातून बघत नसताना करता येतं. ऑगस्ट २०२३ पासून तर त्यांच्या बऱ्याच परीक्षांमध्ये त्यांचीच लर्न ही साइट उघडी ठेवायची मुभा आहे. माझ्या मते हा प्रामाणिकपणा आहे. पाठ केलेलं तपासण्यात अर्थ उरला नाही हे परीक्षा घेणाऱ्यांनीच मान्य केल्यासारखं आहे.

नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि अशा परीक्षांची उरलीसुरली पतही गेली. चार पर्यायांतून एक निवडायचा असे प्रश्न या साधनांना सहज सुटतात. 'सर्वात कमी खर्चात, वर्षानुवर्षं न लागणारा डेटा ठेवायचा आहे' असं वाचलं की ग्लेशियर या अ‍ॅमेझॉनच्या स्वस्त साठवणुकीच्या सेवेवर टिक करायची, हे आम्हीही असंच शिकलो होतो. जे उत्तर यंत्र दोन सेकंदांत देतं ते मला येतं याचे पैसे कोणी का द्यावेत?

म्हणून सीकेए निवडलं. सर्टिफाइड कुबरनेटीस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. कुबरनेटीस म्हणजे अनेक मशिन्सच्या समूहावर, क्लस्टरवर, कंटेनरमध्ये बांधलेले प्रोग्राम चालवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा. २०१७ पासून चालू असलेली ही परीक्षा लिनक्स फाउंडेशन आणि कुबरनेटीस सांभाळणारी तिची उपसंस्था सीएनसीएफ घेतात. पर्याय निवडण्याचा एकही प्रश्न नाही. दोन तास, समोर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), पंधरा ते वीस कामं. काही उभारायचं, काही बदलायचं, काही बिघडलेलं दुरुस्त करायचं. पास व्हायला ६६ टक्के लागतात. अभ्यासक्रमात सगळ्यात मोठा वाटा, ३० टक्के, बिघाड शोधण्याचा. कुबरनेटीसची अधिकृत कागदपत्रं परीक्षेत उघडता येतात, पण शोधत बसलात तर वेळ संपलाच म्हणून समजा. रेड हॅटच्या परीक्षाही अशाच हातानं काम करायच्या असतात आणि त्यांची पत अजून टिकून आहे, ती याच कारणानं.

फी ४४५ डॉलर. आमच्या शीटमध्ये ही परीक्षा बसत नव्हती, म्हणजे पैसे माझे. नोव्हेंबरअखेरच्या सेलपर्यंत थांबले आणि सवलतीत घेतली. परीक्षा एकदा घेतली की वर्षभरात कधीही देता येते, नापास झालात तर दुसरी संधी त्याच पैशात असते. खरेदीनंतरचं पहिलं काम अभ्यासाचं नव्हतं, नावाचं होतं. ओळखपत्रावरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. त्यात लग्नाआधीचा पासपोर्ट, लग्नानंतरचं आधार. मी पासपोर्टप्रमाणे नाव लावलं. सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव आलं याचा आईला फार आनंद झाला, हा वरचा फायदा.

अभ्यास पावसाळा संपता संपता सुरू केला होता, तोही सरळ चॅटबॉट उघडून. संकल्पना समजून घ्यायला तो अप्रतिम आहे. क्लस्टरचा कारभार हाकणाऱ्या कंट्रोल प्लेनमध्ये कोण कोणाशी बोलतं, एटसीडी या क्लस्टरच्या डेटाबेसमध्ये नक्की काय साठतं, सर्व्हिस (पॉड्सपर्यंत पोचायचा कायमचा पत्ता) म्हणजे शेवटी नोडवरचे, म्हणजे क्लस्टरमधल्या एकेका मशिनवरचे, आयपीटेबल्सचे नेटवर्क नियम कसे, हे मी रात्री अकरा वाजता, न लाजता, पुन्हा पुन्हा विचारू शकत होते. ऑफिसातल्या सिनियरला एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारायला धीर लागतो.

गडबड व्हायची ती प्रत्यक्ष फाइल लिहून मागितली की. कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि जुन्या गोष्टी सरसकट काढून टाकल्या जातात. इंटरनेटवर मात्र जुने लेख ढिगानं पडलेत आणि बॉट त्यांवरच पोसलेला. त्यामुळे मला इन्ग्रेसची (बाहेरची वाहतूक क्लस्टरमध्ये वळवणाऱ्या नियमांची) फाइल मिळाली ती जुन्या बीटा एपीआयची, जो १.२२ आवृत्तीमध्येच काढलाय. सुरक्षेसाठी पॉड सिक्युरिटी पॉलिसी सुचवली, ती १.२५ मध्ये गेली. क्लस्टर उभारायच्या सूचनांमध्ये पॅकेजचं जुनं भांडार दिलं, जे सप्टेंबर २०२३ मध्ये गोठवलं आणि २०२४ च्या मार्चमध्ये बंदही झालं. चूक दाखवली की लगेच "तुमचं अगदी बरोबर आहे" म्हणून नवं उत्तर हजर. गंमत म्हणून मी एकदा बरोबर उत्तरालाही चूक म्हटलं. तेव्हाही माझं अगदी बरोबरच होतं!

यावर उपाय कुबरनेटीसमध्येच आहे. क्युबसीटीएल या क्लस्टरशी बोलायच्या साधनाची एक्सप्लेन नावाची कमांड. कोणत्या वस्तूत कोणतं फील्ड कुठे बसतं ते ती चालू क्लस्टरला विचारून सांगते, त्यामुळे आवृत्तीचा घोळ होत नाही, आणि परीक्षेतही ती चालते. बॉटनं दिलेली प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून बघायची सवय लावली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अभ्यासक्रम बदलला तेव्हा गेटवे एपीआय, हेल्म, कस्टमाइझ हे विषय त्यात आले. तिथे तर मी बॉट बाजूला ठेवून थेट अधिकृत पानंच वाचली.

खरा फायदा झाला तो भूमिका उलटवल्यावर. लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशिन्स, त्यांवर क्युबअ‍ॅडमनं उभारलेला छोटा क्लस्टर. तो नीट चालत असताना सगळ्या मशिन्सचे स्नॅपशॉट घेऊन ठेवले आणि बॉटला सांगितलं: या क्लस्टरमध्ये करता येतील असे वीसेक बिघाड एका स्क्रिप्टमध्ये लिही, चालवल्यावर त्यातला कोणताही एक निवडला जाऊ दे आणि मी विचारलं तरी उत्तर सांगू नकोस. पुढे एआय एजंटलाच, म्हणजे स्वतः कमांड चालवू शकणाऱ्या बॉटला, त्या मशिनवर मोकळं सोडलं, म्हणजे त्यानं काय केलं ते मलाही दिसायचं नाही. (हे घरच्या मशिनवरच. ऑफिसच्या क्लस्टरच्या आसपास असला प्रयोग करू नका.)

पहिल्याच खेपेला क्युबसीटीएल बंद. काहीही विचारलं तरी ६४४३ पोर्टवर कनेक्शन नाकारलं. म्हणजे क्लस्टरकडे येणारी प्रत्येक विनंती घेणारा एपीआय सर्व्हरच उठत नाहीये. इथे नेहमीची हत्यारं उपयोगाची नसतात, कारण ती सगळी त्याच सर्व्हरमार्फत चालतात. मग नोडवर शिरून क्रायसीटीएल या दुसऱ्या साधनानं थेट कंटेनर बघायचे. एपीआय सर्व्हरचा कंटेनर पुन्हा पुन्हा सुरू होऊन मरत होता, त्याच्या लॉगमध्ये एटसीडीशी जोडणी होत नाही असं दिसलं. एपीआय सर्व्हर कसा चालवायचा ते जिथे लिहिलेलं असतं ती मॅनिफेस्टच्या फोल्डरमधली फाइल उघडली. एटसीडीचा पोर्ट २३७९ चा २३७८ केलेला. एक आकडा. दुरुस्त करून फाइल सेव्ह केली आणि क्युबलेटनं (नोडवर पॉड चालवणाऱ्या प्रोग्रामनं) पॉड परत उचलेपर्यंत श्वास रोखून बसले. त्यात मिनिटभर जातं आणि नवशिका तेवढ्यात घाबरून अजून चार गोष्टी बदलतो.

दुसरा एक प्रकार मला फार आवडला. नवा पॉड पेंडिंग आणि त्याच्या इव्हेंट्समध्ये काहीच नाही. जागा कमी असेल, टेंट (नोडवर लावलेली मनाई) असेल, तर शेड्युलर, म्हणजे कोणता पॉड कोणत्या नोडवर जाणार ते ठरवणारा प्रोग्राम, तसं लिहून ठेवतो. काहीच लिहिलेलं नाही याचा अर्थ शेड्युलरनं त्या पॉडकडे बघितलंच नाही, म्हणजे तो स्वतःच आडवा पडलाय. तसंच निघालं. त्याच्या इमेजच्या नावात एक अक्षर जास्त होतं. हा तर्क मी कोणत्याही कोर्समध्ये ऐकला नव्हता. तो माझा मलाच सुचला, त्यामुळे आता विसरणं शक्य नाही.

अडकले की बॉटला विचारायचे, पण एका अटीवर: उत्तर द्यायचं नाही, उलट मलाच प्रश्न विचारायचा. "एंडपॉइंट्स रिकामे आहेत का बघितलंस?" एवढं पुरायचं. एंडपॉइंट्स म्हणजे सर्व्हिसच्या मागे असलेल्या पॉड्सचे पत्ते. बघितलं तर सर्व्हिसचे पॉड निवडणाऱ्या सिलेक्टरमध्ये एक लेबल चुकलेलं. अट मोडून तो अधूनमधून सरळ उत्तर सांगून टाकायचा. समोरच्याला मदत केल्याशिवाय त्याला राहवत नाही, शिकवणाऱ्यात हा मोठा दुर्गुण आहे.

शेवटच्या टप्प्यात चॅटची खिडकी पूर्ण बंद केली. परीक्षेत तो नसणार आणि बोटांना वेग लागतो. फाइल शून्यातून टाइप करायची नाही, ड्राय रननं, म्हणजे कमांड प्रत्यक्ष अमलात न आणता, सांगाडा काढायचा आणि त्यात बदल करायचे. परीक्षेच्या फीमध्ये किलर डॉट एसएच या सिम्युलेटरची दोन सत्रं मिळतात, प्रत्येक सत्र ३६ तास उघडं राहतं. तिथले प्रश्न खऱ्या परीक्षेपेक्षा अवघड असतात, तेव्हा तिथल्या मार्कांनी खचून जाऊ नये.

संक्रांत झाल्यावर परीक्षा दिली, घरूनच. अर्धा तास आधी खोलीची तपासणी. कॅमेरा चारी भिंतींवर, टेबलाखाली, कानांजवळ, मनगटांवर फिरवायचा. कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या प्रॉक्टरला भिंतीवरचं कालनिर्णय खटकलं. त्यावर दूधवाल्याचा हिशेब पेननं लिहिलेला होता, तो बहुधा त्याला कोड वाटला असावा. काढून ठेवलं. पाण्याच्या बाटलीचं लेबलही सोललं. सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की दोन तास कुकर लावायचा नाही. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती आधीच मोडा, ओठ हलले तरी चॅटमध्ये ताकीद येते.

काय विचारलं ते लिहिणार नाही, तसा करारच असतो. एवढं सांगते की प्रत्येक काम वेगळ्या मशिनवर असतं, कोणत्या मशिनवर शिरायचं ते प्रश्नाच्या वरच लिहिलेलं असतं आणि काम झाल्यावर तिथून बाहेर पडायला विसरू नये. आपण रिमोट डेस्कटॉपवर असतो, त्यामुळे टर्मिनलमध्ये कॉपी-पेस्टला कंट्रोलसोबत शिफ्टही लागतं. लॅपटॉपचा स्क्रीन लहान असेल तर मोठा मॉनिटर लावा, पण चालू स्क्रीन एकच हवा. एका कामात फार रुतले तेव्हा ते खूण करून सोडून दिलं आणि शेवटी परत आले. निकाल चोवीस तासांत ईमेलवर आला. पास.

मग त्याची किंमत काय झाली? पगार त्यानं वाढला नाही. शीटमध्ये माझ्या नावापुढे 'इतर' रकान्यात नोंद झाली. मात्र एका दुसऱ्या कंपनीतून इंटरव्ह्यूसाठी फोन आला तो बायोडेटावरची तीन अक्षरं बघूनच, हे त्या एचआरनं स्वतः सांगितलं. पुढच्या फेरीत सर्टिफिकेटचा विषयही निघाला नाही. त्यांनी एक मोडलेला क्लस्टर समोर ठेवला आणि म्हणाले, "मोठ्यानं विचार करत दुरुस्त करा. एआय वापरायचा तर वापरा, पण काय विचारताय ते आम्हाला दिसू द्या." मी एकदाच वापरला, एका लांबलचक लॉगमधून नेमकी ओळ शोधायला. त्यावर त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. त्या नोकरीचं पुढे जमलं नाही. पगाराचं जुळलं नाही, बाकी काही नाही.

आता टीममधली दोन नवी मुलं माझी स्क्रिप्ट घेऊन गेलीत. त्यातल्या एकीनं त्यात स्वतःचे बिघाड घातले आणि परवा मलाच एक सोडवायला दिला. कोअर डीएनएसच्या (क्लस्टरमधल्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये खोड काढलेली होती आणि मला बराच वेळ लागला. सीकेएची मुदत एप्रिल २०२४ पासून तीनवरून दोन वर्षांवर आली आहे, म्हणजे माझंही दोन वर्षांतच संपेल. पुन्हा द्यायचं की नाही हे ठरलेलं नाही. कंपनीनं 'इतर' रकान्यालाही फी लागू केली तर देईन.