महाजनांचा पुतळा उभारायचा झाला तर

बेळगावातल्या एका विधी महाविद्यालयात मी संविधान शिकवतो. खानापूर, निपाणी, चंदगडची मराठी मुलं आणि गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीची कन्नड मुलं माझ्या वर्गात एका बाकावर बसतात, एका डब्यातलं खातात. सीमाप्रश्नावर मात्र चकार शब्द काढत नाहीत. घरून तशी ताकीदच असते. म्हणून ‘न्यायाधीश आणि लोकांची आठवण’ या तासाला मी मुद्दाम साता समुद्रापलीकडचं उदाहरण घेतलं होतं, रॉजर टॉनी यांचं.

टॉनी हे अमेरिकेचे सरन्यायाधीश. ड्रेड स्कॉट हा गुलाम मालकाबरोबर गुलामगिरीला बंदी असलेल्या मुलखात राहून आला होता आणि त्या आधारावर त्याने स्वातंत्र्य मागितलं. ६ मार्च १८५७ रोजी कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याला नकार दिला. काळ्या माणसाला या देशाचं नागरिक होताच येत नाही, असं टॉनींनी निकालात लिहिलं. गंमत म्हणावी की शोकांतिका, याच टॉनींनी वारशाने आलेले स्वतःचे गुलाम मुक्त केले होते. आणि १८६१ साली लष्कराने एका माणसाला खटल्याविना डांबलं, तेव्हा थेट लिंकनच्या विरोधात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणण्याच्या हक्काची, बाजू घेणारेही हेच होते.

मेरीलँड राज्याच्या विधानभवनासमोर, अ‍ॅनापोलिसला, १८७२ पासून त्यांचा ब्राँझचा पुतळा होता. मार्च २०१७ मध्ये टॉनींच्या वंशजाने त्याच पुतळ्यापुढे उभं राहून स्कॉटच्या वंशजांची जाहीर माफी मागितली. पुतळा काढण्यापेक्षा शेजारी स्कॉटचा उभारा, असंही तेव्हा सुचवलं गेलं. पण ऑगस्टमध्ये शार्लट्सव्हिल शहरात अशाच एका पुतळ्यावरून गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात रक्त सांडलं आणि १८ तारखेला मध्यरात्रीनंतर क्रेन लावून पुतळा हलवला गेला.

पाच मुलांना मी विश्वस्त केलं, बाकीचे नागरिक. पुतळा ठेवायचा की काढायचा, यावर निर्णय द्यायचा. चर्चा रंगत होती तेवढ्यात निपाणीची एक मुलगी उठली.

“सर, टॉनी राहू दे तिकडं. बेळगावात महाजनांचा पुतळा उभारायचा झाला तर आपण काय करायचं, ते सांगा की.”

वर्ग एकदम गप्प झाला. तास तिथेच थांबवणं मला सोपं होतं. पण जो प्रश्न ही मुलं जन्मापासून उशाशी घेऊन झोपतात तो कायद्याच्या वर्गात बोलायचा नाही, तर कुठे? चौकात, दगड हातात घेऊन?

मेहेरचंद महाजन १९५४ साली देशाचे सरन्यायाधीश होते. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली केंद्राने सीमाप्रश्नावर त्यांचा एकसदस्य आयोग नेमला. महाराष्ट्राने बेळगावसह आठशेहून अधिक गावांवर हक्क सांगितला होता. १९६७ च्या अहवालात त्यांनी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यातच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटक तोच अखेरचा शब्द मानतं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

खानापूरकडचा एक मुलगा उसळून म्हणाला, “पुतळा बसू दे तर खरं! पहिला दगड माझा. आमच्या आज्ज्यानं लाठ्या खाल्ल्यात त्या अहवालापायी.” बैलहोंगलचा मुलगा शांतपणे, कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाला, “मग पहिला हार माझा.” दोघं एकमेकांचे जिवलग दोस्त. त्या क्षणी एकमेकांकडे बघत नव्हते.

निपाणीची मुलगी अजून उभीच होती. “तुमच्यापैकी कुणी तो अहवाल वाचलाय काय?” तिने दोघांना विचारलं. “निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हणून त्यातच लिहिलंय. मिळून २६४ गावं. आणि तिकडची २४७ गावं इकडं द्या म्हणून पण लिहिलंय. तू ज्याला दगड मारणार, त्यानं तुझा गाव तुला पाहिजे तिथं घातलाय. आणि तू ज्याला हार घालणार, त्यानं आमची निपाणी महाराष्ट्राला देऊन टाकलीय. चालतंय काय तुला?”

मी मराठी माणूस आहे. बेळगावबाबत महाजनांनी अन्याय केला असंच माझं मत आहे आणि ते मी वर्गातही लपवलं नाही. पण त्यांनी कारणं लिहून ठेवली आहेत. लिहिलेल्या कारणाला लिहिलेलं उत्तर लागतं, आणि त्यासाठी आधी ते वाचावं लागतं. साठ वर्षं दोन्हीकडचे पुढारी त्यातली आपल्या सोयीची ओळ तेवढी उचलत आले, याचा मला मनापासून संताप येतो.

मग मी मुलांना मुंबई उच्च न्यायालयातल्या शिलालेखाबद्दल सांगितलं. १९०८ साली न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. १८९७ च्या खटल्यात हेच दावर टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. शिक्षेआधी टिळक म्हणाले होते की ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, आणि कोर्टाहून वरची एक शक्ती माणसांचं नशीब चालवते. ते शब्द १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्याच कोर्टाबाहेर संगमरवरावर लागले. न्यायालयाने स्वतःच्या भिंतीवर आरोपीचं म्हणणं कोरलं! सुटून आल्यावर, १९१६ साली, टिळकांनी होमरूल लीग काढली ती याच बेळगावात, हे मात्र वर्गात फार थोड्यांना माहीत होतं.

टॉनींच्या पुतळ्याचा निर्णय वर्गात चटकन झाला: तो काढावा, संग्रहालयात ठेवावा. मलाही तेच पटतं. जिथे कायदे होतात त्याच दारात तो माणूस उभा असेल, तर स्कॉटच्या नातवंडांनी आत कुठल्या भरवशावर जायचं?

महाजनांवर घंटा झाल्यानंतरही वाद चालला. मत शेवटी घेतलंच नाही. खानापूर आणि बैलहोंगलच्या त्या दोघांनी मिळून ठराव लिहिला: दावा चालू असेतो पुतळा नको आणि पुतळ्याची भाषाही नको, अहवाल पूर्ण, एकही पान न गाळता, मराठी आणि कन्नडमध्ये आणून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावा. भाषांतर कोण करणार, असं मी विचारलं. निपाणीच्या मुलीने मराठीसाठी हात वर केला. कन्नडसाठी बैलहोंगलच्या मुलाने, पण एका अटीवर: निपाणीचं प्रकरण आधी त्याला द्यायचं.