चिखलदऱ्याच्या पठारावर तंबूतल्या दोन रात्री

डिसेंबरात नागपूरला थंडी असतेच, म्हणून जाड ब्लँकेटं पुरतील या हिशेबानं मी गाडी भरली होती. हिशेब चुकला. नागपूर 310 मीटर उंचीवर, तर चिखलदरा 1,100 मीटरच्या वर. एवढ्या चढानं हवा पाचेक अंशांनी थंड होते आणि उघड्या माळावर ती जास्तच झोंबते.

आम्ही चौघं होतो: मी, बायको, मेहुणा आणि दहा वर्षांची लेक. पहाटे निघालो. अमरावती, परतवाडा आणि मग धामणगाव गढीवरून घाट, असं साधारण 230 किलोमीटर. टाकी परतवाड्यातच भरून घ्या आणि भाजीपाला, मीठमिरचीही तिथंच घ्या. घटांगवरूनही वर जाता येतं, पण तो रस्ता लांबचा.

मेळघाट हे 1973-74 साली देशात पहिल्यांदा जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. जंगलात वाटेल तिथं तंबू टाकता येत नाही, टाकूही नये. आम्ही ओळखीतून एका कोरकू गावाच्या कडेला, मालकाला विचारून त्याच्या शेतात उतरलो. वीज नाही, नळ नाही. पाणी गावातल्या बोरिंगचं, संडास मालकाच्या घरचा. माणशी पाच लिटर पाणी जवळ ठेवलं की रात्री बोरिंगपर्यंत जावं लागत नाही.

पहिल्या दिवशी मी जागा निवडली ती वाऱ्याला आडोसा म्हणून, बांधाखालच्या खोलगट भागात. मालक सांजवेळी येऊन म्हणाले, "भाऊ, इथं लय दव पडते. वर सरकवा." अंधार पडत होता, खुंट्याही कशाबशा ठोकल्या होत्या (वर वीतभर माती, खाली काळा कातळ), म्हणून तंबू हलवला नाही. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खळग्यात साचून राहते, हे पहाटे चारला कळलं. तंबूच्या आतून पाणी टपकत होतं, कारण ऊब राहावी म्हणून आम्ही खिडक्याही बंद केल्या होत्या. चौघांच्या श्वासाची वाफ जाणार कुठे? लेक माझ्या स्वेटरात शिरून बसली होती, आणि मालकाचं ऐकलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजेडातच तंबू वर, सागाच्या झाडांलगत हलवला. खुंट्यांऐवजी दोऱ्या मोठ्या दगडांना बांधल्या. खाली वाळलं गवत, त्यावर ताडपत्री, त्यावर फोमची चटई. थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते, म्हणून पांघरुणाआधी अंथरूण बघा. दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या. कोरडे मोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे ठेवले होते. त्या रात्री सगळे सकाळपर्यंत झोपले.

जेवणाचं म्हणाल तर पानगे करा. कणकेचे गोळे पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, सोबत वांग्याची भाजी. गोवऱ्या आणि पानं घरूनच न्या, जंगलातलं लाकूड उचलू नका. तूरडाळीला मात्र कुकर हवाच. या उंचीवर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, आमची पातेल्यातली डाळ तासाभरानंतरही कचकच लागत होती. जाळ फक्त मोकळ्या केलेल्या मातीवर, शेजारी पाण्याची बादली ठेवून, आणि झोपण्याआधी राखेत हात घालता येईल इतका विझवून. 15 फेब्रुवारीनंतर वणव्याचे दिवस सुरू होतात, तेव्हा जाळाचा विचारच सोडा.

अंधारात एकट्यानं बाहेर पडू नका. अस्वलं आणि बिबटे इथलेच आहेत. खाण्याचं सामान गाडीत बंद ठेवा. एवढं सांभाळलं की मग मान वर करा. आमच्या मोहल्ल्यातून कृत्तिकांचा पुंजका कधी धड दिसत नाही. इथं लेकीनं त्यातले सहा तारे मोजले, मग मृग आणि व्याध ओळखायला शिकली.

दिवसा गाविलगड बघा, त्याला अर्धा दिवस ठेवा. 1803च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला हा किल्ला आजही पायी हिंडताना दम काढतो. भीमकुंड आणि देवी पॉइंट वाटेत उरकतात.

निघायच्या सकाळी तंबू ओला गुंडाळू नका, बुरशी धरते. आम्ही तो साडेनऊपर्यंत उन्हात पसरून ठेवला आणि तोवर मालकाच्या ओसरीवर बसून ताजा खवा खाल्ला.