तीन सील किट आणि रॉडवरचा एक दाणा

मार्च ते मे, तीन महिन्यांत एकाच रॅमला तीन सील किट, म्हणजे ऑईल अडवणाऱ्या कड्यांचे संच, घातली. पुढच्या बकेटचा, उजवीकडचा रॅम. माझं मशीन कुठल्या कंपनीचं ते विचारू नका, आमच्या तासगाव भागात पिवळं दिसलं की तो जेसीबीच.

गळती पहिल्यांदा दिसली ती मला नाही, एका द्राक्षवाल्याला. त्याच्या बांधावर मुरूम पसरत होतो. तो आला, खाली वाकला आणि म्हणाला, "मालक, तुमचं मशीन मुततंय." बागेत ऑईलचा थेंब पडलेला कुणालाच खपत नाही आणि त्यात त्याचं चुकतही नाही. त्यानं एक घमेलं आणून रॅमखाली ठेवलं. मशीन पुढं गेलं की हा घमेलं घेऊन मागं.

पहिलं सील मिस्त्रीमामांनी बदललं. रॅम म्हणजे काय, तर एक जाड नळकांडं आणि त्यात ऑईलच्या दाबानं आत-बाहेर होणारा चकचकीत रॉड. रॉड जिथून बाहेर येतो त्या तोंडावर ग्लॅन्ड बसते, म्हणजे मधे भोक असलेलं झाकण. ग्लॅन्डीच्या आत ऑईल अडवणारं सील आणि बाहेरच्या कडेला धूळ पुसणारं वायपर. बकेटवर जोर आला की आत २०० बारच्या आसपास दाब चढतो. कारच्या टायरात सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज करा. नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटलचं पोतं ठेवल्यासारखं. म्हणूनच बारीक भोकातून फवारा उडत असेल तर तिथं हात फिरवून बघायचं नाही, पुठ्ठा धरायचा. ते ऑईल कातडीत शिरतं, वरून नुसता काटा टोचल्यासारखं दिसतं आणि माणूस घरी बसून हळद लावतो. तसलं काही झालं तर तडक दवाखाना गाठायचा.

मामांनी बसवलेलं सील तीन आठवडे टिकलं. म्हटलं, किट हलकं निघालं असेल. दुसऱ्या वेळी भारीतलं किट आणलं आणि स्वतः बसलो. बकेट जमिनीला टेकवलं, इंजिन बंद केलं, मग लिव्हर पुढंमागं हलवून अडकलेला दाब काढला. होज, म्हणजे ऑईलची नळी, सुटल्याबरोबर तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली, कारण ऑईलमध्ये गेलेला धुळीचा एक चिमटा पुढं कुठं कुठं फिरेल सांगता येत नाही. हूक पान्याला चार फुटी पाईप घालून ग्लॅन्ड सोडवली. पण नुसती ग्लॅन्ड सुटून भागत नाही. रॉडच्या एका टोकाला पिनेचा डोळा असतो, त्यामुळं ती दुसऱ्या टोकानंच निघते आणि तिथं पिस्टन बसलेला. पिस्टनचा नट काही घरच्या पान्याला ऐकत नाही. लेथवाल्याकडं नेऊन शिकंजात धरून तो उघडला.

सील बसवायची एक नजाकत आहे. कडक असतं, तसंच दाबून घातलं तर कड कापली जाते. चहाच्या पातेल्यात गरम पाणी घेतलं (घरात यावरून बोलणी खाल्ली), त्यात सील पाच मिनिटं ठेवलं, मग बोटांनी काजूसारखं मुडपून ग्लॅन्डीच्या खाचेत सोडलं. आत गेलं की ते आपोआप गोल उलगडतं. उघडं तोंड ऑईलच्या बाजूला. उलटं बसलं तर पहिल्याच लिव्हरला सगळं ऑईल बाहेर. मी तीनदा तपासलं. बरोबरच होतं.

तेही महिनाभरात गळायला लागलं.

आता मात्र मी मामांना फोन लावला. ते आले, पण मशीनकडं गेलेच नाहीत. म्हणाले, "जुनी सीलं कुठं हायती?" शेडमध्ये खिळ्याला अडकवलेली होती, दोन्ही. मामांनी ती उन्हात धरली. दोन्हींच्या आतल्या कडेला एकेक बारीक चीर, पात्यानं ओढल्यासारखी. झिजलेलं सील साधारण सगळीकडून सारखं झिजतं. हे एकाच जागी फाटलेलं.

"सील गुन्हेगार न्हाई, पोरा. रॉड बघ."

रॉड तर मी बघितला होताच. आरशासारखा. मामांनी आईकडून जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा मागून घेतला आणि रॉडवरून हलकेच ओढला. सरकत सरकत गेला आणि मधल्या भागात एका ठिकाणी धागा अडकला. तिथं नख फिरवलं तर खरखर लागली. रव्याच्या दाण्याएवढा काळपट ठिपका, त्याच्या शेजारी तसलाच अजून एक. डोळ्याला घाण वाटावी असा.

वेल्डिंगची ठिणगी. फेब्रुवारीत बकेटचा कान तडकला होता, तेव्हा मीच ड्रमावर बकेट टेकवून घाईघाईत वेल्डिंग करून घेतलं होतं. रॉड सगळा बाहेर, वर काही झाकलेलं नाही. उकळता थेंब क्रोमवर बसला आणि चिकटला. हार्ड क्रोमचा थर तो केवढा, २० ते ५० मायक्रॉन, केसाहून पातळ. बकेट वळलं की तो दाणा सीलमधून जायचा. दिवसातून किती वेळा, ते मोजायला बसलो नाही.

तिसरं किट घालायच्या आधी ऑईलस्टोनला, म्हणजे घासायच्या बारीक दगडाला, ऑईल लावून तो दाणा घासून सपाट केला. मामांचं म्हणणं, खड्डा थोडा चालतो, उंचवटा अजिबात नाही. त्या जोरावर जुलैपर्यंत निघालं. पाऊस लागल्यावर काम थांबलं तेव्हा रॉड कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. जुनं क्रोम काढलं, खड्डा भरला, नवीन क्रोम चढवून मूळ मापाला ग्राइंडिंग केलं. आठ दिवस गेले. तीन किटं, लेथवाला, वाया गेलेलं अडुसष्ट नंबरचं हायड्रॉलिक ऑईल आणि बुडालेले तास धरले तर आकडा बायकोला सांगण्यासारखा नाही. वेल्डिंगवेळी रॉडवर ओलं पोतं गुंडाळायला दहा मिनिटं लागली असती.

आता पोतं मशीनमध्येच असतं. वेल्डर कुरकुरतो, मी गुंडाळतो.

सप्टेंबरात छाटणीच्या आधी त्याच द्राक्षवाल्याकडं शेणखत भरायला गेलो. मी काही बोलायच्या आत हा घमेलं घेऊन हजर. दिवसभर रॅमखाली धरून फिरला. संध्याकाळी त्यानं तळावरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. नुसती माती होती.

बिलातला अर्धा तास मात्र त्यानं कापलाच. घमेलं धरल्याचा.